बेघर रुग्णाला दवाखाना मिळतो, वाली मिळत नाही. तालुक्याला समाजसेवा अधीक्षक हवा तो यासाठी

शिर्डीत अधूनमधून भिक्षेकऱ्यांची धरपकड होते. बातमी येते, फोटो येतो, आणि दोन दिवसांत लोक विसरतात. एप्रिल २०२५ ची धरपकड मात्र विसरण्यासारखी नव्हती. तेव्हा पन्नासच्या आसपास लोकांना धरून श्रीगोंदा तालुक्यातल्या विसापूरच्या भिक्षेकरी गृहात पाठवलं गेलं. तिथे काही जणांची तब्येत बिघडली, त्यांना नगरच्या सिव्हिलला हलवलं, आणि त्यातल्या चार जणांचा मृत्यू झाला. बांधून ठेवलं, खायला-प्यायला दिलं नाही, असे आरोप नातेवाइकांनी केले. राज्यभर गाजलं. चौकशीची मागणी झाली.

चूक कोणाची याचा निकाल या लेखात लावायचा नाही, ते चौकशीचं काम. आपल्याला बघायची ती वेगळीच गोष्ट. वर एक शब्द आलाय, नातेवाईक. सिव्हिलच्या दारात नातेवाईक उभे होते. म्हणजे ज्यांना आपण बेवारस म्हणून मोकळे होतो, त्यांच्यातल्या काहींना घर होतं, माणसं होती. मग धरल्यापासून सिव्हिलपर्यंतच्या प्रवासात कोणी त्यांना शेजारी बसवून विचारलं का, की बाबा तू कुठला, घरी कोण आहे, कोणाचा फोन नंबर आठवतो का, काही आजार आहे का, दारू रोज पितोस का, शेवटची कधी घेतली?

हे विचारणं म्हणजे नुसती माणुसकी नाही. त्यावर जीव अवलंबून असतो. रोज भरपूर पिणाऱ्या माणसाची दारू एकदम तोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याचे हातपाय थरथरतात, झटके येतात, भलतंसलतं दिसायला लागतं. अशात माणूस दगावू शकतो. त्यावर औषधं आहेत, पण ती वेळेत सुरू व्हावी लागतात. तेच फिट्सच्या गोळ्यांचं, तेच शुगरच्या इन्शुलिनचं. धरून नेलेल्या माणसाच्या पिशवीत गोळ्यांचं पाकीट होतं का, हे पहिल्या तासात बघणारं कोणीतरी लागतं.

एक माणूस, चार खाती

आपल्याकडची व्यवस्था बघा. रस्त्यावरून उचलणार पोलीस आणि पालिका. आदेश देणार कोर्ट. ठेवणार भिक्षेकरी गृहात, ते महिला व बालविकास खात्याकडे. आजारी पडला तर दवाखाना आरोग्य खात्याचा. प्रत्येकाची वही वेगळी, साहेब वेगळा. प्रत्येक जण आपल्यापुरतं काम करतो आणि पुढच्याकडे ढकलतो. या सगळ्या प्रवासात तोच एक माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत असतो, आणि त्याला बोलायचीच सोय नसते.

यामागचा कायदा १९५९ सालचा आहे, भीक मागण्यास प्रतिबंध करणारा. त्यात पोलीस वॉरंटशिवाय धरू शकतात आणि कोर्ट एक ते तीन वर्षं संस्थेत ठेवायचा आदेश देऊ शकतं. दिल्लीत हाच कायदा लागू होता. तिथल्या हायकोर्टाने ऑगस्ट २०१८ मध्ये भीक मागणं हा गुन्हा ठरवणारी त्याची कलमं घटनाबाह्य ठरवली. आपल्याकडे कायदा अजून चालूच आहे.

शिर्डीतल्या दुकानदारांची आणि भाविकांची तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. अंगावर येणारे, दारू पिऊन शिव्या देणारे असतात. पण अंगावर येणारा आणि पाय सडल्यामुळे जागचा हलता न येणारा, या दोघांना एकाच गाडीत घालून एकाच खोलीत ठेवणं हा बंदोबस्त झाला, उपाय नाही झाला.

समाजसेवक म्हणजे फ्लेक्सवरचा नव्हे

आपल्याकडे समाजसेवक म्हटलं की डोळ्यांपुढे चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स येतो. दवाखान्यातला समाजसेवक वेगळा. ते पद आहे, पगारी आहे, आणि समाजकार्याची पदवी घेतलेला माणूस त्यावर बसतो. सरकारी भाषेत त्याला समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय) म्हणतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९४६ साली पहिली नेमणूक झाली, आणि देशात दवाखान्यातल्या समाजसेवेची सुरुवात तिथूनच मानतात. म्हणजे ही गोष्ट स्वातंत्र्याच्या आधीची आहे, नवी नाही.

त्याचं काम काय? डॉक्टर जखम बघतो, हा माणूस बघतो. रुग्णाचं नाव-गाव काढणं, घरच्यांचा शोध घेणं, पोलिसांशी बोलणं, योजनेची कागदपत्रं जमवणं, औषध दवाखान्यात नसेल तर दानशूराकडून किंवा ट्रस्टकडून मिळवणं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुट्टी झाल्यावर हा जाणार कुठे, ते आधीच ठरवून ठेवणं.

आता प्रश्न असा की हा माणूस बसतो कुठे? मेडिकल कॉलेजला, जिल्हा रुग्णालयात, ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयांत. मोठ्या धर्मादाय दवाखान्यांतही असतो. आपल्या तालुक्याच्या ३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर, सिस्टर, औषधनिर्माता, लॅबवाला, क्लार्क, वॉर्डबॉय अशी पदं असतात. समाजसेवा अधीक्षक हे पद नसतं. आणि रस्त्यावरचा माणूस पहिल्यांदा येतो तो इथेच. एसटी स्टँडवर पडलेला, देवळाच्या ओट्यावर तापाने फणफणलेला, हायवेला गाडीने उडवलेला.

मग होतं काय? १०८ येते, माणूस आणून टाकते. केसपेपरवर नाव पडतं "अनोळखी पुरुष, वय अंदाजे ५०". ड्युटीवरचा डॉक्टर एकटा असतो, बाहेर ओपीडीची रांग असते. या रुग्णाला अंघोळ घालायला, कपडे बदलायला, लॅबला न्यायला, रक्त आणायला सोबत कोणी नसतं. जखमेत अळ्या असतात, वास सुटलेला असतो, शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक तक्रार करतात. डॉक्टर चिठ्ठी लिहितो, "पुढील उपचारासाठी सिव्हिल". डॉक्टर वाईट असतो असं नाही, त्याच्या हातात दुसरं काही नसतं. सिव्हिलवाले घाटीला किंवा ससूनला पाठवतात. आणि वाटेत कुठेतरी हा माणूस गाडीतून उतरून निघून जातो. वहीत शेरा पडतो, "रुग्ण न सांगता निघून गेला".

उपचार फुकट, पण कागद कुठाय?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झालेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत केसपेपरचे पैसेही लागत नाहीत. ही चांगली गोष्ट झाली. मोठ्या ऑपरेशनसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, तिच्यात आता राज्यातली सगळी रेशनकार्डधारक कुटुंबं बसतात आणि वर्षाला ५ लाखांपर्यंत कवच आहे.

घोडं अडतं ते शब्दावर, कुटुंब आणि रेशनकार्ड. ज्याला घरच नाही त्याचं कुटुंब कोणतं धरायचं? रेशनकार्ड कोणत्या गावचं? सरकारमान्य अनाथाश्रम, वृद्धाश्रम, महिलाश्रमातल्या लोकांची योजनेत वेगळी सोय आहे. पण स्टँडवरचा माणूस कुठल्याच आश्रमात नसतो. त्याचा मांडीचा हाड मोडला तर प्लास्टर मिळेल, पण रॉड टाकायचा म्हटलं की आरोग्यमित्र कागद मागणार. तो त्याचं काम करतो. कागद उभा करणारा माणूस मात्र जागेवर नसतो.

कागद उभा करता येतो, हे लक्षात घ्या. बोलता न येणाऱ्या किंवा नाव न सांगणाऱ्या माणसाला आधार केंद्रावर नेलं, आणि त्याचं आधार आधीच निघालेलं असेल, तर ठसे जुन्या नोंदीशी जुळतात आणि नवा अर्ज नाकारला जातो. त्या धाग्यावरून हरवलेल्यांची घरं सापडल्याची उदाहरणं आपल्या राज्यात झालीत. पण त्यासाठी कोणीतरी त्याला केंद्रावर न्यायला हवं, पाठपुरावा करायला हवा.

टीबीचं उदाहरण घ्या. साध्या टीबीचं औषध सहा महिने घ्यावं लागतं, फुकट मिळतं. पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात येतात. बेघर माणसाला खातं नाही, पत्ता नाही. आशाताई गोळ्या द्यायला जाणार कुठे? आज तो बाजारतळावर, उद्या यात्रेला, परवा दुसऱ्या तालुक्यात. औषध अर्धवट सुटलं की रोग बळावतो आणि औषधाला दाद न देणारा टीबी तयार होतो. तो बाजारात, एसटीत, देवळाच्या रांगेत सगळ्यांसोबत फिरतो. त्यामुळे "आपल्याला काय त्याचं" हे म्हणणं आरोग्याच्या बाबतीत चालत नाही.

सुट्टी देऊन सोडायचं कुठे?

जुलै २०२४ मध्ये पुण्याच्या ससूनचं प्रकरण गाजलं. दोन्ही पायांवर शस्त्रक्रिया झालेल्या एका बेवारस रुग्णाला रात्री रिक्षात घालून येरवडा भागात उघड्यावर सोडल्याचा आरोप झाला. डॉक्टरचं निलंबन झालं, पोलिसांत गुन्हा नोंदला गेला. ज्याने हे केलं त्याच्यावर कारवाई व्हायलाच हवी. पण एका डॉक्टरवर कारवाई होऊन मूळ प्रश्न सुटत नाही. खाट लागते नव्या रुग्णाला, जुन्याची जखम भरत आलीय, तो चालू शकत नाही, घरचं कोणी नाही. त्याला ठेवायचं कुठे?

शहरांसाठी निदान एक उत्तर कागदावर आहे. लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असं सुप्रीम कोर्टाच्या आदेशांनंतर ठरलं, आणि शहरी उपजीविका अभियानातून बेघरांसाठी निवारे निघाले. ते शहरांसाठी. २०११ च्या जनगणनेत देशात १७.७ लाख बेघर मोजले गेले. त्यातले ८.३ लाख, म्हणजे निम्म्याच्या जवळपास, ग्रामीण भागातले होते. महाराष्ट्रात ते २ लाखांच्या वर होते. ग्रामीण बेघरांसाठी मात्र निवाऱ्याची तशी योजनाच नाही. खेड्यात बेघर नसतात, कोणीतरी पडवीत झोपू देतं, असं वरच्यांनी धरून ठेवलंय. पडवी आता राहिली कुठे? आणि आजारी माणसाला पडवी पुरत नाही.

कायदा काय सांगतो

रस्त्यावरच्या आजारी माणसांत मनाचा आजार असलेले बरेच असतात. आपण त्यांना सरळ "येडा" म्हणतो. त्यांच्यासाठी २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे आणि तो चांगला आहे. त्याच्या कलम १०० प्रमाणे, असा माणूस भटकताना दिसला आणि तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असं वाटलं, तर पोलीस ठाण्याने त्याला संरक्षणात घ्यायचं. २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. कोठडीत ठेवायचं नाही. बेघर असेल तर हरवलेली व्यक्ती म्हणून नोंद करायची आणि घरचा शोध घ्यायचा, ही जबाबदारी ठाणे अंमलदाराची. कलम १८ सांगतं की निराधार आणि बेघर मनोरुग्णाला सरकारी ठिकाणी उपचार मोफत, दारिद्र्यरेषेचं कार्ड असो वा नसो. कलम १९ सांगतं की घर नाही एवढ्याच कारणाने कोणाला मनोरुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही.

कायदा एवढा स्पष्ट असूनही आपल्या भागात चालते ती जुनीच पद्धत. शेजारच्या तालुक्याच्या गाडीत बसवून द्यायचा, आपली हद्द मोकळी करायची.

हे होऊ शकतं, कारण झालंय

नगर तालुक्यातल्या शिंगव्याला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे जोडपं माउली सेवा प्रतिष्ठान चालवतं. रस्त्यावर सापडलेल्या मनोरुग्ण महिला, त्यांची लेकरं, यांचं ते घर. अनेकींवर रस्त्यावर अत्याचार झालेले. आपल्याच जिल्ह्यात, आपल्या एका गावच्या शिवारात हे काम उभं आहे.

दुसरं उदाहरण कर्जतचं. आपलं कर्जत नव्हे, रायगडचं. तिथे डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे. १९८८ मध्ये त्यांनी मुंबईत एका तरुणाला गटारीचं पाणी करवंटीने पिताना पाहिलं आणि उपचार केले. बरा झाल्यावर कळलं, तो आंध्रातला पदवीधर. तिथून काम वाढलं, हजारो माणसं घरी पोचली, २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्यांच्या कामात समाजसेवकाचा वाटा मोठा आहे. औषधाने माणूस शुद्धीवर येतो, मग त्याच्या भाषेतला समाजसेवक त्याच्याजवळ बसतो, हळूहळू गाव काढतो, रेल्वेने सोबत जाऊन घरी पोचवतो, घरच्यांना आजार समजावतो आणि पुढच्या गोळ्या देऊन येतो.

पण जिल्हाभरच्या माणसांचं ओझं एका-दोन संस्थांनी वाहायचं आणि सरकारने त्यांचा सत्कार करायचा, हे बरोबर नाही.

तालुक्यात काय करता येईल

पहिलं, प्रत्येक उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकाचं पद मंजूर व्हावं. एकदम जमणार नसेल तर शिर्डी, शनिशिंगणापूर अशा देवस्थानांच्या तालुक्यांपासून सुरुवात करा. आमदारांनी अधिवेशनात मांडायला हा प्रश्न अवघड नाही.

दुसरं, पद येईपर्यंत समाजकार्य महाविद्यालयाची मदत घ्या. नगरमध्ये सीएसआरडी आहे. समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना क्षेत्रकार्य करावंच लागतं. ते ग्रामीण रुग्णालयात का नको?

तिसरं, प्रत्येक सरकारी दवाखान्याला रुग्ण कल्याण समिती असते आणि तिला निधी असतो. बेघर रुग्णाचे कपडे, जेवण, सोबतीची माणसं यासाठी त्यातला थोडा वाटा आधीच बाजूला ठेवला तर डॉक्टरला खिशात हात घालावा लागणार नाही.

चौथं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात मनोविकार समाजसेवक असतो. पथक तालुक्याला कोणत्या दिवशी येतं, ते गावोगावच्या ग्रुपवर कळवा.

पाचवं, धरपकड करायचीच असेल तर गाडीसोबत डॉक्टर आणि समाजसेवक असल्याशिवाय गाडी हलू नये. आधी तपासणी, मग कोर्ट.

गावात असा माणूस दिसला तर

– आजारी किंवा जखमी असेल तर १०८ ला फोन करा. पैसे लागत नाहीत. गाडीत बसवताना केसपेपर कोणत्या दवाखान्यात निघणार ते विचारून ठेवा.

– मनाचा आजार वाटला तर पोलीस पाटलांना सांगा किंवा ११२ लावा. कलम १०० चा उल्लेख करा आणि हरवल्याची नोंद झाली का ते विचारा. सल्ल्यासाठी टेलिमानस १४४१६.

– म्हातारं माणूस असेल तर १४५६७, बाई असेल तर १८१, लेकरू असेल तर १०९८.

– योजनेची अडचण आली तर १५५३८८.

– त्याच्या पिशवीतली गोळ्यांची पाकिटं, चिठ्ठ्या, जुनं कार्ड फेकू नका. ते डॉक्टरच्या हातात द्या.

– व्हिडिओ काढून व्हायरल करण्याआधी पोलिसांना कळवा. चेहरा दाखवायचाच असेल तर तो पोलिसांच्या शोधासाठी, गंमत म्हणून नको. बाईचा किंवा लेकराचा व्हिडिओ अजिबात टाकू नका.

– दवाखान्यात पोचवल्यावर दुसऱ्या दिवशी एक फोन करा. विचारणारं कोणीतरी आहे हे कळलं की वॉर्डात त्या खाटेकडे लक्ष जातं. हे लिहायला बरं वाटत नाही, पण खरं आहे.

शेवटची गोष्ट. ही माणसं आभाळातून पडत नाहीत. कोणी टोळीसोबत ऊस तोडायला आलेला आणि आजारी पडून मागे राहिलेला. कोणी यात्रेत चुकलेली किंवा चुकवलेली म्हातारी. कोणी दारूपायी घरातून निघालेला, कोणी डोक्यावर परिणाम झाल्यावर घरच्यांनी शोधून शोधून थकून सोडून दिलेला. प्रत्येकाचं एक गाव आहे, आणि ते आपल्यासारखंच आहे. आपल्या गावातलाही कोणी ना कोणी अनेक वर्षांपासून बेपत्ता असतो. तो आज दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातल्या दवाखान्यात "अनोळखी पुरुष" म्हणून पडला असेल, तर तिथे त्याला नाव विचारणारं कोणी असावं, असं आपल्याला वाटेलच. तीच सोय आपण आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात मागायची आहे. १५ ऑगस्टची ग्रामसभा सगळीकडे होते. त्यात हा एक ठराव घ्या आणि त्याची प्रत आमदारांना आणि जिल्हा शल्यचिकित्सकांना पाठवा.